ठेका यंत्राचा, सम आपली
सूर-ताल : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं : ‘मोबाइलवर तानपुरा-तबला लावून रियाज करता ना, मग तो रेकॉर्डही करत जा.’ त्यावर पत्रांचा ढीग आला. बहुतेक ठाणे आणि नवी मुंबईकडची. नवल नाही. सकाळी सहाला सोसायटीत तबलजी बोलावून रियाज करणं कुणाला परवडतं, आणि शेजाऱ्यांना कुठे चालतं! तेव्हा हा अख्खा अंक या एकाच विषयाला. पत्रं थोडी कापली आहेत, नावं मुद्दाम गाळली आहेत.

मी वाशीला राहतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर गाणं शिकायला लागलो. तानपुऱ्याचं ॲप आणि रेकॉर्डर एकाच मोबाइलवर लावतो. नंतर ऐकताना तानपुरा मध्येच गायब होतो. मी थांबलो की हळूहळू वर येतो, गायला लागलो की पुन्हा दबतो. ॲप बदललं तरी तेच. मोबाइल बिघडला आहे का?

बिघडलेला नाही, जरा जास्तच शहाणा आहे. फोनमधला माइक बोलण्यासाठी केलेला असतो आणि तो गुपचूप दोन कामं करत असतो. मोठा आवाज आला की पातळी खाली ओढतो, शांत झालं की वर चढवतो. तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की तानपुरा फुगतो तो त्यामुळे. दुसरं काम त्याहून वाईट. एकसारखा, न थांबता येणारा आवाज म्हणजे गोंगाट अशी त्याची समजूत असते. पंखा, एसी, खालून जाणाऱ्या बसचं इंजिन, हे सगळं तो पुसून टाकू बघतो. आता एकसारखं आणि न थांबता वाजणं हाच तर तानपुऱ्याचा धर्म! त्याचीही रवानगी पंख्याच्या रांगेत होते.

तेव्हा आधी रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज ‘सुधारण्याची’ सगळी बटणं बंद करा. तुमच्या रेकॉर्डरमध्ये तशी सोय नसेल तर दुसरं रेकॉर्डिंग ॲप घ्या, किंवा सरळ लॅपटॉपला साधा यूएसबी माइक लावून ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करा. ते फुकट आहे आणि आपल्या कामाला पुरून उरतं. तानपुरा दुसऱ्या फोनवर लावा. जुना फोन प्रत्येक घरात ड्रॉवरमध्ये पडलेला असतोच. माइक तोंडापासून फूट-दीड फुटावर, पण अगदी समोर नको, थोडा बाजूला. नाहीतर प-भ-फ आले की फटफट आवाज येतो. पातळी बांधताना मध्य सप्तकात गुणगुणून बांधू नका. तार षड्ज, म्हणजे वरचा सा, मोकळ्या गळ्याने लावा आणि तेव्हाही काटा तांबड्यात जाणार नाही असं बघा. खर्जात, म्हणजे खालच्या सप्तकात, आवाज बारीक आला तरी तो नंतर वाढवता येतो. फाटलेला तार षड्ज शिवता येत नाही.

याच कारणाने झूमवर शिकणाऱ्यांनी ‘ओरिजिनल साउंड’ चालू करावं. आणि गुरुजींना रियाज व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजवर पाठवू नये, तो निरोप सांगायला ठीक. रेकॉर्डिंगची फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा.

ताई, मी आयटीत आहे, मानपाड्याला राहतो. लॅपटॉपवर तबल्याचा ट्रॅक लावून वरून माझा आवाज रेकॉर्ड करतो. कानात वायरलेस इअरफोन असतात. विलंबित एकतालात सगळं जागेवर येतं. द्रुत तीनतालात मात्र गाताना सम बरोबर पकडलेली असते आणि रेकॉर्डिंगमध्ये ती सरळ सरळ चुकलेली ऐकू येते. मी वेडा झालोय का?

नाही रे. पण इअरफोन काढ आधी.

तुझ्या व्यवसायाच्या भाषेत सांगते. साध्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज लॅपटॉपमधून निघून कानात शिरेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो. आता हिशोब कर. विलंबित एकताल तू मिनिटाला पंधरा मात्रांच्या लयीत गात असशील, तर एक मात्रा चार सेकंदांची आणि बारा मात्रांचं आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचं. त्यात पाचवा हिस्सा सेकंद म्हणजे मात्रेचा विसावा भाग. कुणाच्या लक्षात येतोय! पण द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांनी लावलास की मात्रा होते पाव सेकंदाची. तिथे तोच उशीर जवळजवळ पाऊण मात्रेच्याही पुढे जातो. फाइलमधला समेचा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचा, धा वेळेवर वाजलेला आहे, तुझ्या कानात तो उशिरा पोचला, तू इमानदारीने त्या ऐकलेल्या धा वर मुखडा (बंदिशीची समेला भिडणारी सुरुवात) आणलास. तू त्या क्षणी बरोबरच होतास. फाइलमध्ये दोघांची गाठ पडली तेव्हा तू चुकलेला दिसलास.

वायरचे इअरफोन घेतलेस की निम्म्याहून जास्त प्रश्न संपेल. उरलेला उशीर लॅपटॉपचा स्वतःचा असतो. तो मोजायला इअरफोनची एक बाजू माइकला टेकव, ठेका चालू कर आणि तोच ठेका दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड कर. आता स्क्रीनवर मोठं करून पाहा : वर मूळ धा ची उभी रेघ, खाली माइकने ऐकलेल्या धा ची. दोघींत जेवढं अंतर, तेवढी तुझ्या यंत्राची दिरंगाई. ऑडॅसिटीच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘लेटन्सी कॉम्पेन्सेशन’ नावाचा आकडा असतो. तो या अंतराप्रमाणे कमी-जास्त केलास की पुढच्या वेळी दोन्ही रेघा एकाखाली एक येतील.

इथे एक गंमत आहे. ब्लूटूथ स्पीकर मात्र चालतो! तबला खोलीत स्पीकरवर वाजतोय, तू गातोयस, आणि एकच माइक दोघांना ऐकतोय, असं असेल तर स्पीकरला आवाज कितीही उशिरा पोचेना का, तुला आणि माइकला तो जवळपास एकाच वेळी ऐकू येतो. खोलीत एक मीटर अंतर कापायला आवाजाला तीन मिलिसेकंद लागतात, ते विसर. घोटाळा फक्त तबला आतून आणि गळा बाहेरून येतो तेव्हाच.

पण सगळं खापर इअरफोनवर फोडू नकोस. ओळखायची खूण सांगते. ब्लूटूथमुळे झालेला उशीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा असतो. रेकॉर्डिंगमध्ये स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, जागेवर आहे आणि तान घेऊन परतताना फक्त सम उशिरा येतेय, तर तो उशीर तुझा. आणि समेच्या आधीच येऊन बसत असशील, तर ते शंभर टक्के तुझंच; ब्लूटूथ कुणाला लवकर आणत नाही.

माझ्याकडे नौपाड्यात शिकायला येणारी एक मुलगी झपतालात दर वेळी आठव्या मात्रेपासून धावायची. मी सांगून थकले, तिला पटेना. शेवटी स्क्रीनवर दाखवलं. वरच्या पट्टीत धी ना धी धी ना च्या रेघा सारख्या अंतराने उभ्या, खालच्या पट्टीत तिच्या अक्षरांच्या लाटा. पहिल्या पाच मात्रांपर्यंत दोन्ही जुळलेल्या. ‘ती ना’ला ती ठीक होती, पुढच्या धी पासून तिची लाट रेघेच्या डावीकडे सरकायला लागली आणि समेला चांगली बोटभर पुढे गेली. ती नुसती बघत राहिली, मग म्हणाली, ‘अय्या, तिथे मला श्वास पुरत नाही म्हणून मी घाई करते.’ कारण तिचं तिलाच सापडलं. मी एवढे दिवस लयीवर बोलत होते, दुखणं श्वासात होतं.

यंत्राच्या ठेक्यावर माझा एकच आक्षेप आहे, तो इथेच सांगते. खरा तबलजी तुमच्या मुखड्याकडे बघत असतो. तुम्ही अडकलात की तो केसभर सैल सोडतो, रंगात आलात की मागून रेटतो. ॲप हे काहीच करत नाही. शिकाऊ माणसाला ती शिस्त चांगली, पण नुसत्या ॲपवर वर्षानुवर्षं गाणाऱ्याला लय स्वतः धरायची सवयच राहत नाही, तो ठेक्याच्या मागे मागे चालतो. म्हणून रियाजाच्या शेवटी पाच-दहा मिनिटं तबला बंद कर. नुसता तानपुरा, हातावर ताल, आणि तेही रेकॉर्ड कर. मग सुरुवातीची लय आणि शेवटची लय ॲपवर बोटाने टिचकी देऊन मोज. १६० ला सुरू करून १८५ ला संपवलंस की मला पत्र लिही.

मी नेरुळची. मुलगी गांधर्वच्या प्रवेशिका पूर्ण परीक्षेला बसतेय. मोबाइलवर सूर तपासायचं ॲप घेतलं आहे. भूप म्हणताना सा, प हिरवे दिसतात आणि गंधार मात्र कायम ‘कमी’ म्हणून तांबडा. बाई म्हणतात गंधार छान लागतो. कुणाचं खरं?

बाईंचं. ते ॲप पेटीच्या हिशोबाने मोजतंय. पेटीवर सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, प्रत्येक शंभर सेंटचा, त्यामुळे शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर बसतो. तानपुऱ्यात खर्जाची तार चांगली जुळली की तिच्यातून आपोआप एक गंधार उमटतो, त्यालाच आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो येतो ३८६ सेंटवर. चौदा सेंटांचा फरक. तुमची मुलगी तानपुऱ्यातला गंधार ऐकून गात असेल तर ॲप तिला तांबडाच दाखवणार, आणि तसा दाखवला तर मला आनंदच होईल. पंचमात हा फरक दोनच सेंटांचा असतो, म्हणून तो हिरवा.

भूपात गंधार वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर. त्या स्वरावर मुलगी थांबणार, रेंगाळणार. तिथेच तिला रंग बघून सूर वर चढवायची सवय लागली तर ती मोडायला फार त्रास पडेल. ॲप काढूनच टाका म्हणत नाही, सा नीट लागतो का एवढं पाहायला ठेवा.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगते. तानपुरा फोनच्या स्पीकरवर लावता का? मुलीची पट्टी, म्हणजे तिचा सा पेटीच्या ज्या स्वरावर असतो ती, काळी पाच असेल तर खर्जाची तार सुमारे ११७ हर्ट्झची. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला ती झेपत नाही. जोडीच्या तारा ऐकू येतात, पण खर्जाचा तो खालचा भरणा येत नाही. घरात टीव्हीचा साउंडबार किंवा बऱ्यापैकी स्पीकर असेल त्यावर लावा. मुलगी स्वतःहून गंधाराकडे वळेल. आणि घरची पेटी जुनी असेल तर ती ॲपच्या पट्टीशी तंतोतंत जुळत नसते. अशा वेळी ॲपचा तानपुरा बारीक फिरवून पेटीला मिळवायचा. पेटी काही तुमच्यासाठी सरकणार नाही.

संपादक महाशय, या ठाण्यात पं. राम मराठे राहिले, महापालिका त्यांच्या नावाने समारोह करते. त्या गावात तुम्ही पोरांना मोबाइलवर गायला शिकवता. तंबोऱ्याची जवारी म्हणजे काय हे या पिढीला कळणार तरी आहे का? (ज्येष्ठ नागरिक, नौपाडा)

आजोबा, पत्र संपादकांना होतं, पण त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. निम्मं मान्य. जवारी म्हणजे घोडीवरून तारेला मिळणारा तो झणकार; घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवला की तानपुरा बोलायला लागतो, तो क्षण ॲपवर नाही. खुंटी पिळताना तार सुरात शिरते तेव्हा कान जो शिकतो, तो बटण दाबून शिकत नाही. माझ्याकडे मिरजेचा तानपुरा आहे. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, फार बरं झालं. येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी तो जुळवायला लावते. पावसाळ्यात तर विशेष करून, कारण या हवेत तो दर थोड्या वेळाने उतरतो आणि मुलं वैतागतात. वैतागू देत.

निम्मं मान्य नाही ते असं, की मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून बंगळुरूच्या राडेल कंपनीचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा भल्याभल्या गवयांच्या शेजारी बैठकीत वाजत आलेला आहे. तेव्हा कुणी पत्र लिहिलं नाही. आणि दोन खोल्यांच्या घरात, नोकरी करून, रात्री साडेनऊनंतर ज्याला अर्धा तास मिळतो, त्याने तानपुरा जुळवण्यात वीस मिनिटं घालवावीत असं मी सांगू शकत नाही. तुमच्याकडे जुना तंबोरा पडून असेल तर जवारी करून घ्या आणि एखाद्या शिकणाऱ्या मुलाला आठवड्यातून एकदा घरी बोलवा.

रोजचा तास-दीड तास रियाज रेकॉर्ड करून ठेवतो. लॅपटॉप भरला, फोन भरला. किती ठेवावं? कोणत्या प्रकारची फाइल करावी? (ऐरोली)

मला आधी सांगा, त्यातलं ऐकलंत किती?

तांत्रिक उत्तर सोपं आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो, वेव्ह फाइल. मिनिटाला पाच एमबीच्या थोडं वर, तासाला सव्वातीनशेच्या आत. तुम्ही बहुतेक स्टीरिओ करत असाल. एकाच माइकचं स्टीरिओ म्हणजे तोच आवाज दोनदा साठवणं, जागा दुप्पट आणि मिळतं काही नाही.

पण जागा हा तुमचा प्रश्नच नाही. दीड तासाचं रेकॉर्डिंग ऐकायला दीड तास लागतो, आणि तो कुणाकडेच नसतो. म्हणून फायली साठतात आणि रियाज आहे तिथेच राहतो. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या गायस्बर्गने कलकत्त्यात गायिका गोहरजानचं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत. ख्याल त्यात बसवायचा म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे गायच्या आधी ठरवावं लागे. तुम्हीही तसंच करा. आज मालकंस घेतलात, तर फक्त कोमल गंधारावरून षड्जाला घसरत येणारी मींड, तीन मिनिटं. उद्या फक्त मुखडा घेऊन समेवर येणं, आठ-दहा आवर्तनं. रियाज हवा तेवढा करा, रेकॉर्ड एवढंच.

आणि ते त्याच रात्री ऐकू नका. गाऊन उठल्यावर डोक्यात आपण काय गायचं ठरवलं होतं तेच वाजत असतं. सकाळी ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये ऐका. ऐरोलीहून ठाण्याला येईतोवर तीन मिनिटांचा तुकडा दोनदा ऐकून होतो. पहिल्यांदा नुसता सूर, दुसऱ्यांदा बोटांवर मात्रा मोजत. तोंड वाकडं झालं तरी आजूबाजूचे लक्ष देत नाहीत, ज्याचा त्याचा फोन ज्याच्या त्याच्या कानात.

फाइलचं नाव ‘न्यू रेकॉर्डिंग ४७’ असं ठेवू नका. तारीख, राग, ताल, लय, पट्टी. महिन्याची एक फाइल ठेवा, बाकी पुसा. चांगली झालेली ठेवू नका, महिन्याच्या पहिल्या तारखेची ठेवा, कशीही असो. नाहीतर वर्षाअखेरीस तुमच्याकडे फक्त स्वतःच्या कौतुकाचा संग्रह उरेल.

घोडबंदर रोडला राहते. बारा तास ट्रक. रेकॉर्डिंग कसं करू?

रस्त्याकडच्या खोलीत नाही. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा, मागे दारावर गोधडी टांगा. बाथरूममध्ये आवाज छान वाटतो म्हणून तिथे जाऊ नका. घुमणाऱ्या आवाजात बेसूर लपतो. पंखा तेवढ्यापुरता बंद. ऑक्टोबरमध्ये हे सांगताना माझ्याही जिवावर येतं, पण तीन मिनिटांचाच प्रश्न आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, त्यातून विजेची गुणगुण शिरते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००, आणि पांढरी पाचचा खर्ज ९८. तुमची पट्टी पांढरी पाच असेल तर ती गुणगुण बेसूर तानपुऱ्यासारखी दिवसभर छळेल.

खारघरहून लिहितेय. आमचे गुरुजी शिकवताना रेकॉर्ड करू देत नाहीत. बाकीच्या मुली फोन मांडीखाली ठेवून गुपचूप करतात. मीही करू का?

नको. त्यांना एकदा सरळ विचार, ‘बंदिश विसरते, फक्त स्थायी-अंतरा एकदा म्हणून द्याल का, मी कुणाला पाठवणार नाही.’ बहुतेक जण एवढ्याला हो म्हणतात. त्यांची भीती रेकॉर्डिंगची नसते, ते दुसऱ्या दिवशी चार ग्रुपवर फिरतं त्याची असते, आणि ती खोटी नाही. हो म्हणाले तर दिलेला शब्द पाळ. नाही म्हणाले तर क्लास सुटल्यावर खाली उतरल्या उतरल्या, घरी पोचायची वाट न बघता, आठवेल तेवढं स्वतःच्या आवाजात फोनवर म्हणून ठेव. कुठे अडखळतेस ते पुढच्या तासाला त्यांनाच विचार.

मैत्रिणींचं नाव मात्र गुरुजींना सांगू नकोस.